ऐकू आलेली हाक

ताई,

तू गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. तुझे रक्ताचे रिपोर्ट आणायला सायकलवरून जातेय, जेवायच्या आत येईन. मऊ भात झाकून ठेवलाय, गोळी तो खाल्ल्यावरच घे. मागचं दार उघडू नकोस, मुंगूस पिल्लं घेऊन पायरीपर्यंत येतं.

काल तू पडलीस तेव्हा मी म्हटलं, मागे पिल्लं बघत होते, हाक ऐकूच आली नाही. ते खोटं होतं. पिल्लं कधीच झुडपात गेली होती. मी सायकलची चेन साफ करत होते आणि तुझ्या सगळ्या हाका ऐकल्या. तुझ्या आजारपणात सकाळची राईड बुडते म्हणून धुसफुसत होते, मुद्दाम उठले नाही. तू भिंत धरत निघालीस आणि उंबऱ्यात कोसळलीस. वर मलाच म्हणालीस, "अगं, मीच हळू हाक मारली असेल." तेव्हापासून तुझ्याकडे बघवत नाही.

सायकलची घंटा काढून तुझ्या उशाशी ठेवलीये. मी आले की वाजव. पाण्यासाठी नंतर, आधी मला रागवायला.

धाकटी