बांगड्यांचं माप

गुरुवार, संध्याकाळ. अमरावती

अकोल्याला भाचीचं लग्न, म्हणून बांगड्या भरायला गेले. शाळेत सगळ्या म्हणतात, "मॅडम, काय मस्त बारीक झाल्या!" मी हसते. वजनाच्या त्या गोळ्यांनी छाती धडधडते, झोप उडाली, हे कोणाला सांगू? डॉक्टरला न विचारता मीच मागवल्या ना!

कासारकाकांनी हात धरला आणि थांबलेच. "बाई, माप तर उतरलं, पण हात काहून थरथरून राहिला तुमचा? घरी कोणी पाहत नाही काय?"

"उपास आहे आज," म्हटलं. खोटंच. घरी पाहायला आहे कोण?

उद्या गोळ्यांची डबी घेऊन डॉक्टरकडे जाईन. पण खरं लिहू? बांगड्या भरून झाल्या, तरी मी हात काढून घेतला नाही. किती दिवसांनी कोणी धरला होता.