मामाकडचा कोरा चहा

रविवार, फेब्रुवारी १९५२

आज वसईजवळ आचोळ्याला मामाकडे गेलो होतो. गोठ्यात लाळ्या रोग आलाय. म्हशींच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, खुरांत किडे पडलेत. तो वास अजून नाकातून जात नाही.

मामीने कोरा चहा दिला. दूध मागितलं तर म्हणाली, "आमी नाय पीत हल्ली. ते मुंबईला जाते." इतकं सहज. वर मामा म्हणाला, "उकळल्यावर काय होते?" मग तुम्ही का नाही उकळून पीत? विचारलं नाही. कोरा चहा प्यालो.

गिरगावात घरी आलो तर बायकोने चहा टाकलेला. "दूधवाला सांगत होता, वसईकडचं दूध आहे," म्हणाली. मी कोराच मागितला. मामाचं नाव निघेल म्हणून कारण सांगितलं नाही. ती माझ्यासमोर बसून दुधाचा चहा प्याली.