रद्द झालेल्या दोनशे सह्या

वॉलबर्ग, इलिनॉय
२ सप्टेंबर १९३६

प्रिय ओटिलीस एमिलचे प्रेमपूर्वक अभिवादन.

माझी प्रकृती उत्तम आहे. गुडघ्याची चिंता करू नकोस. तुझा खोकला थांबला का?

आपल्या समाजवादी पक्षाचे नाव मतपत्रिकेवर यावे म्हणून मी जमवलेल्या सह्यांपैकी दोनशे बायकांच्या सह्या निवडणूक कचेरीने रद्द केल्या. मतदारयादीत त्यांची स्वतःची नावे आहेत. सही मात्र ‘मिसेस हेन्री क्रूगर’ अशी, नवऱ्याच्या नावाने. तेच शिष्टसंमत, हा आग्रह माझाच होता. मुदत काल संपली; सह्या कमी पडल्या, आता पक्षाचे नाव मतपत्रिकेवर येणार नाही.

आज मिसेस क्रूगरने मला फाटकातच अडवले. “काय हो आजोबा, आता मत तुमच्या शिष्टाचाराला देऊ का?”

मी टोपी काढून उभा राहिलो.

तुझाच,
एमिल