पासलीच्या म्हातारीचा जावई

आबा,

तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांचा माणूस काल मुद्रितं देऊन गेला. प्रस्तावना मी लिहावी म्हणतात, कारण मीही हिंडते, लिहिते, आणि बापाचा वारसा लेकीनं चालवला असं छापायला त्यांना बरं पडतं. वारसा म्हणे! माझं डोकंच फिरलं. म्हणून प्रस्तावना राहिली बाजूला आणि आधी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे भांडण काही तुमच्याबरोबर गेलं नाही.

तुम्हाला तो दिवस आठवत असेलच. भातं निघाली आहेत आणि आपण तिघं भोरहून आईच्या माहेरी, पासलीला निघालो आहोत. मार्गासनीपर्यंत बैलगाडी, पुढं वेल्ह्यावरून पायवाट. आईच्या डोक्यावर बोचकं, मी तुमच्या खांद्यावर. तोरण्याकडे हात करून तुम्ही मला कुठल्याशा किल्लेदाराच्या पराक्रमाची गोष्ट सांगताय, ओढ्यात तुमचा पाय घसरतो आणि आई मागून ओरडते, "अवो, पोरीला धरा की!" पासलीत शिरलो तर अंगणभर पेंढा पडलेला. आजी डोक्यावर पदर ओढून दारात आली आणि तुमच्याकडे न बघता आईला म्हणाली, "त्यास्नी म्हन, वाईच थांबा हितंच." मग तिनं आपल्या तिघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तुमच्या पायांवर ऊन ऊन पाणी घातलं, पाट मांडला आणि तुमच्यासाठी कोंबडा कापायला लावला. जावई आला होता तिचा, दुसरं काय!

पुस्तक आलं तेव्हा मी वाचायला शिकले होते. आईला अक्षरओळख नव्हती. ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती आणि मी मोठ्यानं वाचत होते. पासलीचं पान आलं तशी ती थांबली. "मी एकटाच चालत होतो," तुम्ही लिहिलं होतं. एकटाच! मी खांद्यावर होते, आबा. पुढं एका अनोळखी म्हातारीचं घर येतं, गावाच्या वरच्या अंगाला, दारात उंबर असलेलं. म्हातारी परक्या माणसाशी बोलायला लाजते, पण वाटसरूवरूनसुद्धा भाकरतुकडा ओवाळून टाकते, त्याचे पाय धुते, त्याला कोंबडा रांधून घालते. केवढी ही मावळची माया, असा शेवट. ती लाजत नव्हती हो. सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? आणि वाटसरूवरून तुकडा ओवाळतं का कोणी? उद्या मेंढरांवरूनही ओवाळतील.

त्या दिवशी आईनं तुम्हाला विचारलं, "माज्या आयचं सासू म्हनून न्हाई लिवलं?"

"अगं, पुण्याची माणसं वाहवा करताहेत तिची. नातीगोती आणली की वर्णनातली मजा जाते. तुला नाही कळायचं."

तिला सगळं कळलं होतं. आंबवड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा भोरच्या शाळेत मास्तर झाला, पुण्यात व्याख्यानं द्यायला लागला, आणि डोंगरातल्या सासरवाडीची त्याला लाज वाटू लागली. इतकी साधी गोष्ट. भोरच्या सरदार घराण्यांच्या सात सात पिढ्या तुम्हाला तोंडपाठ होत्या, कोण कोणाचा जावई आणि कोण कोणाचा मेहुणा ते सगळं. स्वतःची सासू तेवढी अनोळखी.

मग लोक जायला लागले. पुस्तक वाचून तोरणा चढायचे आणि तिथून पासलीला उंबराचं घर शोधत यायचे. दारात उभे राहून भाकरतुकड्याची वाट बघायचे म्हणे! मामा भोरच्या बाजाराला आला की सांगायचा. आजी प्रत्येकाला विचारायची, कुणी धाडलं? ते म्हणायचे, मास्तरांचं पुस्तक वाचून आलो. झालं, ती जावयाची माणसं ठरली. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेना, धान्य मिळेना, तरी हे येतच होते. कोंबड्या संपल्या तेव्हा तिनं शेजारणीकडून आणल्या. "म्या म्हनलं, आये, बास कर," मामा सांगत होता, "तर म्हनती, त्यांची मानसं उपाशी ग्येली तर माज्या लेकीला तितं बोल लागंल." आई ऐकून घेत होती. तुम्हीही ओसरीवर होता आणि चष्मा पुसत बसला होता.

पण मी भांडते आहे ती त्याच्यासाठी नव्हे. पासली बघून परतलेले पुण्याचे ते वकील आपल्याकडे आले होते, त्या दिवसासाठी. पोहे खाता खाता म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही बरं का. म्हणते, पुस्तकवाला माझा जावई!" सगळे खो खो हसले. आणि तुम्ही? तुम्हीही हसलात. "वय झालंय तिचं," म्हणालात. "माया लावते आणि हवं ते बोलते." आई चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं एक थेंबही सांडला नाही. सगळ्यांना कप दिले आणि आत गेली.

दिवेलागणीला तुम्ही फिरून आलात तर ती तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. "वाईच थांबा हितंच, पाव्हणं." भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर ऊन पाणी घातलं, बाहेरच्या खोलीत पाट मांडला.

तुम्हाला गंमत वाटली. "हे काय नवीन काढलंस?"

"नवीन न्हाई. अनोळखी मान्साला असंच करत्यात. तुमीच लिवलंय की."

त्या दिवसापासून तिनं तुमचं पान बाहेरच वाढलं. स्वयंपाकघरात तुमचा पाट परत मांडला गेला नाही. ती भांडली नाही, माहेरी गेली नाही, तुम्हाला कधी शिळं वाढलं नाही. फक्त पाव्हणं म्हणत राहिली. एकदा तुम्ही ओरडलात, एकदा तर रडलात. ती म्हणाली, "पाव्हण्यांनी असं करू न्हाई." मला तेव्हा तिचा फार अभिमान वाटायचा.

आजी गेल्याचा सांगावा घेऊन मामा आला तेव्हा तुम्ही उठलात, कोट चढवला, टोपी घातली. आईनं बोचकं बांधता बांधता तुमच्याकडे पाहिलं. "तुमी कशाला? मयतीला वळखीची मान्सं जात्यात." आणि मामाबरोबर निघून गेली. तुम्ही कोट घालून तसेच ओसरीवर बसलात. संध्याकाळी मी भात टाकला तरी कोट अंगावरच होता.

त्या प्रस्तावनेत मी एवढंच लिहिणार आहे की पासलीची म्हातारी लेखकाची सासू होती आणि लेखक एकटा नव्हता. प्रकाशकांना छापायचं तर छापू दे, नाहीतर राहू दे. हे पत्र मात्र उद्या सकाळी बंबात जाईल. आंघोळीचं पाणी तापवायला कागद लागतोच, आणि ऊन पाण्याशी तुमचं जुनं नातं आहे.

मुद्रितं तपासताना त्या पानावर मात्र मी काट मारली नाही. मारायची म्हणून पेन हातात घेतलं होतं. पण तो ओढा, तो पेंढ्याचा वास, असं तुमच्यासारखं मला अजून लिहिता येत नाही, आबा. त्या पानात मी कुठंच नाही. तरी वाचायला घेतलं की तुमच्या खांद्यावर जाऊन बसते.