एकतीस पिवळ्या ओळी

३ नोव्हेंबर, सोमवार
एकतीस वॉर्निंग्ज! नवी आवृत्ती टाकल्यापासून सर्व्हर चालू केला की पिवळ्या ओळींची रांगच लागते — सेटिंगची ही नावं जुनी झाली, बदला. दोन वर्षं त्या फाईलला कुणी हात लावला नव्हता. दवाखान्यात पेशंटना नंबर देणारं सॉफ्टवेअर चालतंय ना, मग राहू दे! आज मी बसून सगळ्या ओळी सुधारल्या. संध्याकाळी शून्य!

आबा खूश. नौपाड्यातलं हे दोन खोल्यांचं ऑफिस त्यांचंच. सर्व्हरवर दसऱ्याचं कुंकू अजून आहे, तिथे हात जोडून म्हणाले, "शुक्रवारी नवे डॉक्टर सॉफ्टवेअर बघायला येणार. स्क्रीन अशीच स्वच्छ हवी."

४ नोव्हेंबर
एकतीसच्या एकतीस परत! काल सेव्ह केलं होतं, नक्की. सर्व्हर उघडू शकणारे दोघेच — मी आणि हाताखालचा नवा मुलगा, प्रीतम. तो विठ्ठलवाडीहून साडेसातलाच येऊन बसतो. का बरं? येऊन सहा महिने नाही झाले आणि माझ्या जागेवर डोळा. विचारलं तर, "मी नाय ताई, आईशप्पथ. बघतो ना काय होतंय ते."
बघतो म्हणे! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

पुन्हा सगळ्या सुधारल्या.

५ नोव्हेंबर
परत एकतीस. सुधारल्या. जाताना फाईलच्या शेवटी एक बिनकामाची ओळ टाकून ठेवली — खूण म्हणून.

६ नोव्हेंबर
खूण गायब! म्हणजे कुणीतरी अख्खी फाईलच बदलतंय. आणि फाईल बदलल्याची वेळ — सकाळी बरोबर आठ. आठला ऑफिसात कोण असतं? तोच!

दुपारी त्याचा मेसेज आला. उघडला नाही. गोड बोलून गुंडाळायचं असेल.

आबांना सगळं सांगून टाकलं. आवाज चढला माझा. ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नको म्हणतो त्याला." मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. राग आला होता नुसता.

प्रीतम एक शब्द बोलला नाही. बॅग उचलली आणि दारात माझ्याकडे बघत उभा राहिला, मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारखा. निर्दोष माणूस असा गप्प राहतो?

७ नोव्हेंबर
डॉक्टर यायच्या आत सुधारलं सगळं. स्क्रीन स्वच्छ. काम मिळालं!

पण सकाळी पुन्हा एकतीस होत्या. घरून करतोय का हा? उद्या मीच लवकर जाते.

८ नोव्हेंबर, शनिवार
आठ वाजता मी एकटी सर्व्हरसमोर. आठ वाजून एक मिनिटाने सर्व्हर पुन्हा चालू केला — एकतीस.

सर्व्हरच्या रोजच्या कामांची यादी उघडली. आठ वाजता: 'पूजेची फाईल जागेवर ठेवणे'. दोन वर्षांपूर्वीचा दसरा, सेटिंगच्या याच फाईलची पूजा. आबा म्हणाले होते, "पूजा झालेली फाईल बदलायची नाही. रोज सकाळी हीच हवी." रोज आठला जुनी फाईल आपोआप परत ठेवणारी स्क्रिप्ट मीच हसत हसत लिहून दिली होती! खाली नाव माझंच.

मग प्रीतमचा मेसेज उघडला.
"ताई, आठची स्क्रिप्ट सापडली. तुमचीच आहे. आबांना नाही सांगितलं. तुम्हीच सांगा."