ज्योतीरामची मुफ्ती व बाकीची मिळकत

दिनांक २२ नोव्हेंबर १९५७, वार शुक्रवार. सकाळी थंडी होती. सून शालन हिने कांद्याला पाणी दिले. माझ्या मुलाच्या पलटणीतला मालोजी शिरगिरे अकराच्या गाडीने आला. दुपारी यशवंतराव आपली पिठाची गिरणी बंद करून आले. सर्वांची जेवणे झाली. त्यानंतर मी हा कागद लिहायला घेतला.

मी आबाजी सोनबा लांडे, वय एकसष्ट, राहणार कासारवाडी, रेल्वेच्या मालधक्क्यावरील निवृत्त कारकून, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. पोटातल्या गाठीमुळे जास्त वेळ बसवत नाही, म्हणून मधे मधे आडवे होऊन लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही व कोणाला भिऊन लिहीत नाही. डॉक्टरांनी पुढच्या पावसाळ्याची खात्री दिलेली नाही.

माझी पत्नी वारली त्याला बरीच वर्षे झाली. एकच मुलगा होता, ज्योतीराम. घरात मी व त्याची पत्नी शालन, एवढीच माणसे आहेत. मूलबाळ नाही.

कलम पहिले. माझा मुलगा ज्योतीराम आबाजी लांडे, शिपाई, हा दिनांक १७ डिसेंबर १९५५ रोजी खेड येथे मयत झाला. मृत्युपत्रात मुलाच्या मरणाला पहिले कलम नसते, असे वकील म्हणाले. मी ते पहिलेच ठेवले आहे. सरकारी कागदावर तो आजही जिवंत व फरारी आहे, म्हणून हकिकत सविस्तर लिहितो.

ज्योतीराम ज्या छावणीत होता तेथे पास घेऊन बाहेर पडणाऱ्या शिपायाने वर्दी घालायची नसली तरी कपडे ठरलेलेच घालावे लागत. त्यांना मुफ्ती म्हणतात. कॉलरचा शर्ट पँटीत खोचलेला, मोजे, नाडीचे काळे बूट. दाढी त्याच दिवशी केलेली, केस कानाच्या वर कापलेले. धोतर, लेंगा, लुंगी, चपला यांना बंदी. छावणीच्या फाटकावर माणसाएवढा आरसा लावलेला होता. त्यात स्वतःला पाहायचे, मग हवालदाराने पाहायचे, मग फाटक उघडायचे. ज्योतीराम त्या हवालदाराची नक्कल करून आम्हाला हसवी. हवालदार त्याला म्हणत असे, लांडे, पगार सरकारचा घेतोस आणि मिशी पाटलाची ठेवतोस. पुढे त्याने मिशी बारीक केली.

घरी आला की पहिल्यांदा तो कपडे बदले. शर्ट-पँट खुंटीला, बूट खाटेखाली, आणि माझे एखादे धोतर नेसून शेतात. ही गोष्ट तो एकटा करत नव्हता. जवळपास घरे असलेले सगळे शिपाई करत. छावणीत हे सर्वांना ठाऊक होते व बोलत कोणी नव्हते.

त्या आठवड्यात तो दोन दिवसांच्या पासावर आला होता. आमचा एक बैल मेला होता. शनिवारी चाकणच्या बाजारातून दुसरा पाहावा असे ठरले. निघताना तो मुफ्तीतच होता. माझा पुतण्या हिंदुराव ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "आरं, ह्या पाटलुनीत बाजारात गेलास तर यापारी बैलासंगं तुलाबी इकून टाकील." सगळे हसले, ज्योतीरामही हसला. पण म्हणणे खरे होते. पँटवाला दिसला की दलाल भाव चढवतात. तो परत आत गेला, धोतर-बंडी घालून व मुंडासे बांधून बाहेर आला आणि निघाला. छावणीचा पास शर्टाच्या खिशात राहिला.

रात्री आला नाही. बैल घेऊन कुठे मुक्कामाला थांबला असेल असे वाटले. रविवारी संध्याकाळी पासाची मुदत संपायची होती. दिवे लागले तेव्हा शर्ट व पँट खुंटीलाच होती. त्या कपड्यांशिवाय त्याला छावणीत जाता येत नव्हते. शालन त्या खुंटीकडे बघत होती व मी तिच्याकडे बघत नव्हतो.

सोमवारी पहाटे हिंदुरावने गाडी जुंपली व आम्ही चाकणला गेलो. दलालांनी सांगितले की जनावर पसंत न पडल्यामुळे तो खेडच्या पलीकडे एका वाडीवर बैल पाहायला गेला. मंगळवारी खेडला पोचलो. तेथे कळले की शनिवारी संध्याकाळी कांद्याच्या गोण्यांचा ट्रक उलटला, वर बसलेला एक अनोळखी इसम ठार झाला, ड्रायव्हर पळाला. दोन दिवस ओळख सांगायला कोणी आले नाही, म्हणून सोमवारी रिवाजाप्रमाणे दहन झाले होते. पंचनाम्यात शेतकरी इसम, वय अदमासे तीस, धोतर, बंडी, पायात काही नाही, असे होते. डोक्याला मार असल्यामुळे ते फडक्यात गुंडाळले होते.

दवाखान्यात ज्या माणसाने प्रेत धुतले त्याला मी भेटलो. तो म्हणाला, "बाबा, त्यो शेतकरी न्हवता. तोंड, हात रापल्यालं व्हतं. पर पाय धुतलं तवा पावलं पांढरी फटक, लेकरावाणी. मी म्हनलं, ह्यो गडी बारा महिनं बुटात ऱ्हातुया."

मला तेवढे पुरले. सरकारला पुरले नाही.

पलटणीची चौकशी झाली तेव्हा मी हे सर्व सांगितले. साहेब वयाने तरुण होते व माझ्याशी रागाने बोलले नाहीत. त्यांच्या वहीप्रमाणे शिपाई लांडे पांढरा शर्ट, करडी पँट व काळे बूट अशा पोशाखात बाहेर पडला होता, आणि खेडचा मयत धोतरातला शेतकरी होता. मी म्हणालो, कपडे घरी खुंटीला आहेत, माणूस पाठवून पाहा. त्यांनी माणूस पाठवला. कपडे, बूट, खिशातला पास, सर्व मिळाले. मला वाटले आता झाले. पण त्यावरूनच ठरले की ओळख पटू नये म्हणून शिपायाने पोशाख टाकला, पास टाकला व वेष बदलून पळाला. ज्याला परत यायचे असते तो पास टाकून जात नाही, असे साहेब म्हणाले.

आलेल्या माणसाने हिंदुरावलाही विचारले. तो आपल्या सवयीने म्हणाला, "सायबीपनाचा कटाळा आला आसंल त्याला." ते वाक्य जबाबात गेले.

पलटणीतल्या शिपायांना विचारले की पासावर गेल्यावर कोणी धोतर नेसतो काय. एकाने जरी हो म्हटले असते तरी ज्योतीरामचे धोतर वेषांतर ठरले नसते. पण हो म्हणणारा स्वतः हुकूम मोडल्याबद्दल शिक्षेला पात्र. सर्वजण नाही म्हणाले. त्यात ज्योतीरामच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मालोजीही होता.

त्यानंतर पगार बंद, पेन्शनीचा प्रश्न नाही. पोलीस घरी येत. एकाने शालनला विचारले की नवरा रात्री येतो का. तिच्या माहेरी निघोज्यालाही झडती झाली. आता येत नाहीत.

कलम दुसरे. आज मालोजी आला तो फौजेतून नाव कमी होऊन, कायमचा आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावी जाण्यासाठी निघालेला. ट्रंक स्टेशनवर ठेवून आला. आल्या आल्या जेवायला बसला नाही. अगोदर उभ्यानेच म्हणाला, "आबा, म्या खोटं बोललो. समदेच बदलत हुते. म्याबी इथंच, तुमच्या माजघरात बदललंय."

मी म्हणालो, मला माहीत आहे, तुझे धोतर शालनच धूत होती.

तो म्हणाला, "तवा बायकोचं बाळंतपण हुतं. नाईकपद गेलं असतं. आता लिवा काय लिवायचं ते, म्या सही करतो."

मला त्याचा राग होता व आहे. दोन वर्षे तो याच गाडीने या गावावरून जात-येत होता. तरी तो स्वतः आला हे येथे नमूद करतो. त्याचे म्हणणे असे की, पासावर बाहेर गेलेले शिपाई घरी पोचल्यावर मुफ्ती काढून धोतर नेसत व परतताना पुन्हा मुफ्ती घालत, शिपाई लांडे हाही तसेच करी, व त्याचा पळून जाण्याचा विचार कधीही नव्हता. हे वाचून दाखवल्यावर तो बरोबर म्हणाला. माझ्या मागे शालनने या कलमाची नक्कल पलटणीकडे पाठवावी. उपयोग होईल असे मी म्हणत नाही.

कलम तिसरे. राहते घर, तीन खण, मी नोकरीच्या पैशातून बांधले. ओढ्याकडची जमीन फंडाच्या पैशातून घेतली. दोन्ही माझ्या कष्टाची आहेत, वडिलार्जित नाहीत. घर, जमीन, विहिरीतील पाण्याचा हक्क, एक बैल, औते व पोस्टातील शिल्लक हे सर्व माझी सून शालनबाई हिला मालकी हक्काने देत आहे. वकिलांनी सांगितले की नव्या कायद्याने मयत मुलाच्या विधवेला वाटा आहे, पण आधी मुलगा मयत ठरला पाहिजे, व बेपत्ता माणूस मयत धरायला सात वर्षे लागतात. मला तेवढी सवड नाही. म्हणून ती माझ्या मुलाची विधवा म्हणून नव्हे, तर शालन या नावाने देत आहे. तिचा नवरा जिवंत की मयत यावरून कोणी या देण्याला हरकत घेऊ नये.

तिने पुढे पाट लावला, म्हणजे दुसरे लग्न केले, तरी हे सर्व तिच्याकडेच राहील. असे लिहू नका, भाऊकी बिथरेल, असे यशवंतराव म्हणाले. लिहिले आहे.

कलम चौथे. हिंदुराव याला मिळकतीतून काही नाही. तो चारचौघांत म्हणतो, "फरारी गड्याच्या बायकूला वाटा कसला? आन् नवरा जिता हाय तर पाट कसला?" दोन्हीकडून दार लावणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण खेडला त्याने मला तीन वेळा स्वतःच्या गाडीने नेले, भाडे घेतले नाही, व येताना वाटेत एकदाही विनोद केला नाही. हेही खरे आहे. त्याच्या शेताला स्वतःची गाडीवाट नाही. ती आपल्या बांधावरून जाते, ती शालनने अडवू नये.

कलम पाचवे. ज्योतीरामचे कपडे चौकशीनंतर परत मिळाले. शर्ट, करडी पँट, मोजे, बूट. शालन दर शनिवारी शर्ट धुते, पँटीला इस्त्री करते व बुटांना पॉलिश लावते. तिने ते आता थांबवावे. गावातला कोणी पोरगा फौजेत भरती झाला व फाटकावर दाखवण्याजोगे कपडे त्याच्याकडे नसले तर हे त्याला द्यावेत. कपडे जुने आहेत पण हवालदार हरकत घेणार नाही. त्या पोराला एवढेच सांगावे की घरी येऊन काय नेसायचे ते नेस, पास मात्र अंगावरच्या कपड्यात ठेव.

सायकल मी मालोजीला दिली असती. साक्षीदाराला काही दिले की लोक शंका घेतात असे वकील म्हणाले. सायकल विकावी.

कलम सहावे. मागच्या संक्रांतीला बायका घरी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. कोणी म्हणाली चल, कोणी म्हणाली हिला कसे न्यायचे. त्या गेल्यावर शालन दाराआड उभी राहून मला म्हणाली, "मामंजी, मी कुंकू लावू का नको? एकदा काय ते सांगा." इतकी वर्षे एका घरात राहून तिने मला विचारलेली ही एकच गोष्ट. मी उठून मागच्या दारी गेलो.

सांगितले नाही कारण सांगणे म्हणजे तो मेला म्हणणे होते. लाव म्हणणे खोटे होते. कचेरीत, पलटणीत, वकिलाकडे मी तो मेला म्हणून भांडलो. घरात तो शब्द काढला नाही.

उत्तर असे. शालन, तुझा नवरा मेला. तो पळाला नाही, तुला टाकून गेला नाही, बैल पाहायला गेला होता. कुंकू ठेवायचे की पुसायचे, बांगड्या, हिरवे लुगडे, यातले काय ठेवायचे हे तू ठरव. त्याबद्दल माझा हुकूम नाही व भाऊकीचाही चालणार नाही. हे कलम यशवंतराव आज तुला वाचून दाखवतील. माझ्याने होणार नाही.

व्यवस्था पाहण्यासाठी यशवंतराव यांना नेमले आहे. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण: कासारवाडी, तालुका हवेली, जिल्हा पुणे
तारीख: वर लिहिल्याप्रमाणे

सही: आबाजी सोनबा लांडे

आबाजी लांडे यांनी आम्हा दोघांसमक्ष सही केली, व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: यशवंतराव रामजी शेलार, गिरणीवाले, कासारवाडी
साक्षीदार २: मालोजी विठोबा शिरगिरे, माजी नाईक, जिल्हा उस्मानाबाद

सह्या झाल्यानंतरचा हा मजकूर माझ्याच हातचा असून मिळकतीबाबत नाही. मालोजी साडेपाचच्या गाडीने गेला. यशवंतरावांनी सहावे कलम स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून वाचले. थोड्या वेळाने शालनने यशवंतरावांना चहा दिला व ती आत गेली. दार लावून घेतले आहे.

खेडला दवाखान्याच्या मागेच नदी होती. हिंदुराव म्हणाला होता, काका, बुडी मारून घेऊ. मी नको म्हणालो. मरणाची बातमी कळल्यावर करायची आंघोळ राहिली ती राहिलीच.

अंधार पडला आहे. विहिरीवर जाऊन दोन बादल्या पाणी ओढले आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून घेतले.