सहा चाळीसची अर्धी घंटी

३ मार्च, सकाळी
दूध गॅसवर, केर निम्मा काढलेला, केरसुणी दाराला टेकवून मी ओल्या हातांनी फोनपाशी उभी. बरोबर सहा चाळीसला घंटी वाजायची. पुरती नाही, अर्धीच. मी रिसीव्हर उचलून म्हणायचे, लाइन ठीक. पलीकडून हे म्हणायचे, बाईसाहेब, दूध बघा. तोवर ते उतू गेलेलंच असायचं.

हे टेलिफोन कंपनीत टेस्टर होते. गावातल्या सगळ्या लाइन रोज सकाळी तपासायच्या, आणि यादीत पहिला नंबर आमचा. बारा वर्षांपूर्वी हे काम मशीनकडे गेलं, तेव्हाही यादी यांनीच भरून दिली. पहिला नंबर पुन्हा आमचाच.

हे जाऊन चार वर्षं झाली. मशीन अजून घंटी वाजवतं. मला त्याचं विशेष काही नाही. घड्याळ म्हणून बरं पडतं, इतकंच.

उद्यापासून सातला उठायचं. या वयात एवढ्या पहाटे उठून करायचंय काय?

४ मार्च
सहाला उठले. पाणी भरायचं होतं. (पाणी आमच्याकडे दिवसभर असतं. पण भरलेलं बरं.)

१९ मार्च
पेपरात बातमी. आपली टेलिफोन कंपनी शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या कंपनीत विलीन. शब्द वाचनालयातल्या कोशात पाहिला. विरघळणे असाही अर्थ दिलाय.

लेकीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, आई, लग्नासारखंच असतं. लहान कंपनी सासरी जाते, नाव बदलते. मी म्हटलं, आणि माहेरचं सामान? ती म्हणाली, माळ्यावर. मग नेहमीचंच सुरू केलं. मोबाइल दिलाय ना तुला, तारेचा फोन कशाला ठेवतेस, काढून टाक आणि माझ्याकडे राहायला ये. म्हटलं, बघू.

२ एप्रिल
घंटी सहा बावन्नला वाजली. दूध तीनदा वर आलं, तीनदा गॅस बारीक केला. यादीत आता सासरचे नंबर आधी लागत असणार. बारा मिनिटांनी माणसाचं काय बिघडतं? काही नाही.

केर मात्र दोनदा काढला.

१७ जून
त्या मोठ्या कंपनीला तिच्याहून मोठीने घेतलं. बिलाचा रंग पिवळ्याचा निळा झाला होता, आता लाल. पेपरात लिहिलंय की कंपनीचा विस्तार झपाट्याने होत आहे. पेपराने सांगायला कशाला हवं? आज घंटी सात पस्तीसला वाजली.

लेक म्हणाली, तू घड्याळ लावून बसतेस की काय? म्हटलं, छे गं, सहज लक्ष गेलं.

१८ जून
विचार केला. एवढी मोठी कंपनी म्हणजे तिथे प्रत्येक कामाला वेगळा माणूस असणार. नुसतं कळवायचा अवकाश, नंबर परत वर घेतील. त्यांना काय, एक ओळ हलवायची. पत्र लिहायचं. घरगुती कारणं सांगायची नाहीत. कंपनीला कंपनीच्या भाषेतच लिहावं.

२५ जून
चौथा खर्डा पसंत पडला. “रोज सकाळी येणारी अर्धी घंटी अयोग्य वेळी येते. योग्य ती दुरुस्ती व्हावी.” मोजकं आणि भारदस्त. हे असते तर म्हणाले असते, बाईसाहेब, तुम्हाला हेड ऑफिसात घ्यायला हवं.

९ जुलै
कंपनीतून एका मुलीचा फोन. आवाज गोड. मॅडम, अर्धीच घंटी वाजते? पलीकडे कोणी बोलत नाही? म्हटलं, आता नाही बोलत. कधीपासून वाजते? म्हटलं, मशीनची बारा वर्षं धरा. ती म्हणाली, अहो, बारा वर्षं सहन केलंत? सगळं समजावत कोण बसणार, म्हणून हो म्हटलं. तिने तक्रार अग्रक्रमाने घेतली. मोठ्या कंपनीचं हे असं असतं. लेकीला ऐकवायला हवं.

१० ऑगस्ट
दुपारी मेकॅनिक आला. वयस्कर, पाठीला पिशवी. आल्या आल्या म्हणाला, काम वरूनच झालंय मावशी, माझी नुसती सही घ्यायची राहिलीय. मी विचारलं, मग उद्या घंटी सहा चाळीसला वाजेल ना? तो म्हणाला, आता कधीच नाही. तुमचा नंबर टेस्टच्या यादीतून काढूनच टाकलाय. निवांत झोपा.

मी विचारलं, परत घालता येईल?

तो हसला. म्हणाला, तक्रार काय लिहिणार? घंटी वाजत नाही म्हणून? ती वाजायलाच नको होती मावशी, मशीन जुनं होतं म्हणून वाजायची. नव्या मशीनवर सगळ्यांचीच बंद होणार आहे.

मग फॉर्म पुढे केला. समाधानी की असमाधानी, खूण करा. माणूस तीन जिने चढून आला होता. समाधानीवर खूण केली. पाणी दिलं. जाताना म्हणाला, बारा वर्षं म्हणजे कमालच तुमची.

तर आता सातपर्यंत झोपायला कसलीच आडकाठी नाही. मार्चपासून ठरवलेलं एक काम तरी मार्गी लागलं. उद्यापासून नक्की.

११ ऑगस्ट
सहाला उठले. दूध गॅसवर ठेवलं. निम्मा केर काढला. सहा चाळीसला रिसीव्हर उचलला, लाइन ठीक म्हटलं आणि खाली ठेवला. मग जाऊन गॅस बंद केला. दूध उतू गेलं नव्हतं.